‘रोड रॅश’ : नियमांचे वाचन

संगणकीय खेळांविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा पालकांच्या काळजीपोटी लिहिलेले असते. साहित्याच्या अभ्यासकाने या विषयाकडे वळावे, असे क्वचितच कुणाला वाटते. आमचे मत निराळे आहे. हे खेळही एक प्रकारची संहिताच आहेत, आणि ती वाचायचे आपण नाकारतो म्हणूनच आपल्या विद्यार्थ्यांविषयी घाईचे निष्कर्ष काढून मोकळे होतो.

‘रोड रॅश’चे उदाहरण घेऊ. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकन कंपनीचा हा खेळ १९९१ मध्ये सेगाच्या यंत्रासाठी निघाला आणि १९९६ मध्ये विंडोजच्या घरगुती संगणकावर आला. पुढच्या दशकात सायबर कॅफे, संगणकाचे क्लासेस आणि हातोहात फिरणाऱ्या सीडी यांच्या वाटेने तो महाराष्ट्राच्या तालुक्यातालुक्यांत पोचला. कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर मोटारसायकलींची शर्यत लावायची आणि शेजारच्या स्वाराला लाथ, ठोसा, साखळी यांपैकी जे जमेल त्याने खाली पाडायचे, एवढेच त्याचे कथानक.

भाषेच्या अध्यापकांनी येथे एक गोष्ट टिपावी. खेळणारा मुलगा ‘तो पडला’ म्हणत नाही, ‘मी पडलो’ म्हणतो. कादंबरीतील खुनाला वाचक साक्षी असतो. खेळातील लाथेचा कर्ता मात्र खेळणारा स्वतः असतो. ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ या आपल्या जुन्या वादात कलाकृती काय दाखवते, हा प्रश्न होता. येथे ती आपल्याकडून काय करवून घेते आणि त्याबद्दल काय देते, असे विचारावे लागते.

हा फरक न कळल्याने काय होते, ते ‘कारमागेडन’ या १९९७ च्या खेळाच्या प्रकरणात दिसले. त्यात पादचाऱ्यांना गाडीखाली चिरडले की खेळणाऱ्याला जादा वेळ मिळे. ब्रिटनच्या चित्रपट वर्गीकरण मंडळाने त्याला प्रमाणपत्र नाकारले. मग निर्मात्यांनी माणसांच्या जागी प्रेते चालवली, तांबड्या रक्ताच्या जागी हिरवे रक्त आणले, आणि खेळ बाजारात आला. पुढे अपिलात मूळ आवृत्तीलाही परवानगी मिळाली. पण चिरडण्याबद्दल बक्षीस हा नियम दोन्ही आवृत्त्यांत तोच होता. आक्षेप चित्रावर होता, नियम कुणी वाचलाच नाही.

आता त्याच दृष्टीने ‘रोड रॅश’ वाचू. स्वार कितीही जोरात आपटला तरी उठतो आणि धावत जाऊन पुन्हा गाडीवर बसतो. त्याच्या शरीराचे बिल कधीच येत नाही. गाडी मोडली तर मात्र दुरुस्तीचे पैसे मोजावे लागतात. पोलिसांनी पकडले तर दंड भरावा लागतो. आणि खिशात पैसे नसतील तर खेळच संपतो. म्हणजे या जगात यंत्राला किंमत आहे, कायद्याला किंमत आहे, देह तेवढा फुकट आहे. आमच्या मते या खेळाचा खरा आशय मारामारीत नसून या हिशेबात आहे.

हा हिशेब खेळाने शिकवला काय? आम्हांस तसे वाटत नाही. वाशीम जिल्ह्यात कारंजा तालुक्यातील कामरगावचा विचार करा. याच तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. मोटारींना तेथे ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. दुचाकीला प्रवेशच नाही. आमच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला येतो तो गावचा जुना रस्ता, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या गर्दीतला. त्याची गाडी हप्त्यांवर घेतलेली असते. तिच्या टाकीवर कव्हर असते, सीटवर प्लॅस्टिक असते. त्याच्या डोक्यावर मात्र हेल्मेट नसते. गाडीला ओरखडा आला तर घरी जाब द्यावा लागतो. गुडघा फुटला तर हळद लागते आणि विषय संपतो.

अशा मुलाचा अपघाती मृत्यू झाला की शोकसभेत कुणीतरी हमखास म्हणते, ‘हे सगळे त्या गेममुळे.’ हे वाक्य आपल्याला सोयीचे आहे. देह स्वस्त आणि यंत्र महाग, हे मोल आपल्याच घरांनी आणि रस्त्यांनी आधी ठरवलेले असते. दूर कॅलिफोर्नियाचा रस्ता रंगवणाऱ्या खेळात ते उघड्या नियमाच्या रूपाने लिहिलेले सापडते, इतकेच. आरशाला दोष देऊन चेहरा बदलत नाही.

खेळांचा काहीच परिणाम होत नाही, असे आम्ही म्हणत नाही. ज्या कृतीला शंभरदा बक्षीस मिळते ती हाताच्या सवयीची होते, ही शंका रास्त आहे. पण तिचा विचार करण्यासाठीही आधी खेळ नीट वाचावा लागेल. म्हणून आमची सूचना साधी आहे. एम.ए.च्या वर्गात एखादा तास यासाठी द्यावा. विद्यार्थ्यांनी आपल्या आवडत्या खेळाचे कथानक न सांगता त्याचे नियम मराठीत लिहून काढावेत : येथे कशाचे पैसे पडतात, आणि काय फुकट मिळते? मग हाच प्रश्न त्यांनी आपल्या गावाविषयी विचारावा.