किलोमीटरला एक रुपया?

परवा कँटीनमध्ये एक मित्र सांगत होता, "अरे, माझी इलेक्ट्रिक गाडी किलोमीटरला रुपयात पळते!" त्याचा चिखलीत स्वतःचा बंगला, वर सोलर. त्याचं बरोबरच आहे म्हणा.

मी घरी येऊन एक्सेल उघडलं. मोशी-चाकण आणि इकडेतिकडे धरून महिन्याला हजार किलोमीटर. पेट्रोल १०५ रुपये, ॲव्हरेज १५ धरलं तर सात हजार. सीएनजी ९० रुपये, ॲव्हरेज २०, म्हणजे साडेचार हजार. इलेक्ट्रिकला चार्जिंगमधली गळती धरून १६० युनिट. गोम इथेच आहे. महावितरणचा दर शंभर, तीनशे, पाचशे युनिट अशा पायऱ्यांनी चढतो आणि गाडीची युनिटं घरच्या युनिटांच्या डोक्यावर बसतात. एसीने तीनशे आधीच खाल्ले असतील तर गाडीचं युनिट १५ रुपयांच्या आसपास. झाले २४००. तरीही स्वस्तच की! वेगळा ईव्ही मीटर घेतला तर ही पायरीही टळते.

पण मीटर लावणार कुठे? आमच्या सोसायटीची कमिटी म्हणते, भाडेकरूला पॉइंट नाही. मग उरला रस्त्यावरचा फास्ट चार्जर. युनिटला २२-२३ रुपये धरले तर साडेतीन हजार, वर रांग वेगळी. सीएनजीपेक्षा वाचले जेमतेम हजार, आणि त्यासाठी गाडीला काही लाख जास्त मोजायचे!

गंमत म्हणजे महिंद्राची इलेक्ट्रिक बीई ६ चाकणलाच बनते. आणि इथे मोशीत मला एक प्लग मिळेना.

असो. रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. घरमालकाला पटवलंय, एक्सेलची प्रिंट घेऊन दोघेही जातोय.