मजूर बाई देवी झाली, मजुराचे नाव कुठे आहे?

कोलकात्याच्या बेहाला भागातले दुर्गापूजेचे मंडप म्हणजे चार दिवसांसाठी उभारलेली शिल्पेच. २०२० साली इथल्या बरिशा क्लबने दुर्गा घडवली ती कडेवर उघडे मूल घेतलेल्या स्थलांतरित मजूर बाईच्या रूपात. संकल्पना रिंटू दास यांची, शिल्प पल्लव भौमिक यांचे. टाळेबंदीत पायी गावी निघालेल्या माणसांची आठवण त्यांनी देवीच्या जागी उभी केली. देशभर कौतुक झाले आणि ते रास्तच होते.

पण मजूर बाईची मूर्ती पूजणारा समाज मजुराला मान देतोच असे नाही. मंडपाच्या बातमीत क्लब असतो, कलाकार असतो, प्रायोजक असतो. बांबू बांधणारा क्वचितच असतो. बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या वाऱ्यापावसात दोरीच्या गाठींवर एवढा डोलारा तोलून धरणे हे स्थापत्याचेच ज्ञान आहे. पदवी नसलेल्या हातांत असले की त्याच ज्ञानाला आपण 'मजुरी' म्हणतो. मंडपात ढाक वाजवणारे बहुतेक दलित जातींतले. आपल्याकडे हलगीचे जे झाले, तेच तिथे ढाकाचे: वाद्य शुभ, वाजवणारा हलका.

याच बरिशात सावर्ण रायचौधुरी या जमीनदार ब्राह्मण घराण्याची पूजा आहे. ती १६१० पासून चालत आल्याचे सांगतात. घराण्याचे नाव चारशे वर्षे टिकते, मांडव घालणाऱ्याचे चार दिवसही टिकत नाही. मांडव तात्पुरता असतो म्हणून हे घडत नाही. कोणाचे नाव टिकवायचे हे जात ठरवते. बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते की जात नुसती कामे वाटत नाही, काम करणाऱ्या माणसांची उतरंड लावते.

डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने कोलकात्याच्या दुर्गापूजेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. ब्रिटिश कौन्सिलच्या अभ्यासाने २०१९ च्या पूजेभोवतीची उलाढाल ३२,३७७ कोटी रुपये मोजली. वारसा मोजला, पैसा मोजला. आता माणसेही मोजा. प्रत्येक मंडपाच्या फलकावर कारागिरांची आणि ढाकींची नावे हवीत. उंचावर काम करणाऱ्यांना विमा हवा, मजुरी लेखी ठरायला हवी.

आणि आपण, घरातले पहिले पदवीधर? आपल्यातल्या अनेकांच्या घरी असे अनाम हात आहेत. प्रबंध लिहिताना त्यांना निव्वळ 'माहितीदार' म्हणून नोंदवू नका, कर्ते म्हणून नोंदवा. पुढचा मंडप पाहाल, मग तो बेहालातला असो वा आपल्या गल्लीतल्या गणपतीचा, तेव्हा आधी विचारा: हा बांधला कोणी?