अधिकार खुर्चीला, माणसाला नव्हे
कार्यालयात मंजुऱ्यांसाठी नवे सॉफ्टवेअर आले की चर्चा पडद्याच्या रंगरूपाची होते. खरे काम दोन याद्यांचे असते. पहिली माणसांची : नाव, विभाग, वरिष्ठ कोण. दुसरी भूमिकांची : टिपणी लिहिणारा, तपासणारा, मंजुरी देणारा. अधिकार भूमिकेला द्यायचे आणि माणसाला त्या भूमिकेत बसवायचे, ही पद्धत अमेरिकेतील ‘निस्ट’ संस्थेच्या डेव्हिड फेराइओलो आणि रिचर्ड कून यांनी १९९२ मध्ये शास्त्रशुद्ध मांडली. २००४ मध्ये तिचे तिथे राष्ट्रीय मानक झाले. तिची किंमत बदल्यांच्या मोसमात कळते. बिल ‘लेखाधिकारी’ या भूमिकेकडे जात असेल, तर यादीतले एक नाव बदलून भागते. एखाद्या साहेबांच्या नावानेच वाट आखली असेल, तर ते निवृत्त झाले तरी बिले त्यांच्याच खात्यात साचत राहतात. बिल तयार करणारा आणि मंजूर करणारा एकच नसावा. साहेब रजेवर असताना अधिकार कोणाकडे आणि कोणत्या तारखेपर्यंत, हेही आधीच नोंदवावे. आणि माणसांची यादी आस्थापना शाखेच्या नोंदींशीच जोडावी. संगणक विभागाने स्वतःची वेगळी यादी सांभाळली, की नोकरी सोडून गेलेल्यांची खाती उघडीच राहतात.