'सर्व्हर डाऊन' म्हणजे नेमके काय?

शिष्यवृत्तीचा अर्ज असो, उत्पन्नाचा दाखला असो की जातीचा दाखला, आता सारे काही ऑनलाईन झाले आहे. पूर्वी कचेरीत गेले की 'साहेब बाहेर गेलेत, उद्या या' असे उत्तर मिळायचे. आता 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' असे मिळते. साहेब आहेत की नाहीत, हे निदान खुर्चीकडे पाहून कळायचे. सर्व्हर कुठे आहे आणि तो खरोखरच बंद पडला काय, हे विचारायचे तर आधी हे शब्द समजले पाहिजेत. 'शिका' या आदेशात आज हे शिक्षणही येते, हे चळवळीतील कार्यकर्त्यांनी लक्षात घ्यावे.

मागितलेली माहिती पुरवणारा संगणक म्हणजे सर्व्हर. महाडीबीटीचा अर्ज भरताना आपला विद्यार्थी ज्या संगणकावर बसतो, तो माहिती मागणारा. त्याला क्लायंट म्हणतात. संगणकांची एकमेकांशी जोडणी म्हणजे नेटवर्क आणि जगभरातील अशी नेटवर्क एकमेकांना जोडून इंटरनेट तयार झाले. प्रत्येक सर्व्हरला आयपी ॲड्रेस हा आकडी पत्ता असतो. आकडे ध्यानात राहत नाहीत म्हणून आपण वेबसाईटचे नाव टाईप करतो. त्या नावावरून आकडी पत्ता शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. आपला अर्ज सर्व्हरकडे एकसंध जात नाही, त्याचे छोटे तुकडे होतात. हे तुकडे म्हणजे पॅकेट. त्यांना वाट दाखवणारे यंत्र म्हणजे राऊटर आणि या देवाणघेवाणीत सर्व यंत्रांनी पाळायचे नियम म्हणजे प्रोटोकॉल.

आता बिघाड कुठे आहे ते पाहू. केंद्रावरील संगणकात एकही वेबसाईट उघडत नसेल, तर दोष बहुधा तिथल्याच राऊटरमध्ये किंवा जोडणीत आहे. सरकारी सर्व्हरला बोल लावण्याचे कारण नाही. बाकी सर्व वेबसाईट उघडतात, पण हवी तीच उघडत नाही, तर ती दुसऱ्या जोडणीवर, मोबाईलवर उघडून पाहावी. तिथे उघडली, तर सर्व्हर चालू आहे. पडद्यावर ५०० किंवा ५०३ असा आकडा आला, तर बिघाड सामान्यतः सर्व्हरच्या बाजूचा असतो. ४०४ आला, तर त्या पत्त्यावर ते पान नाही, एवढाच त्याचा अर्थ. पत्ता चुकला काय, ते तपासावे.

हे कळले की जबाबदारी कुणाची तेही कळते. अर्जाची अखेरची तारीख असेल आणि वेबसाईट बंद असेल, तर पडद्याचे छायाचित्र तारीख-वेळेसह काढून ठेवावे व त्याच दिवशी लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. हे छायाचित्र न्यायालयात पुरावा म्हणून द्यायचे झाल्यास भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते. त्या दिवशी सर्व्हर किती वेळ बंद होता, याची नोंद माहिती अधिकार कायदा, २००५ अन्वये मागता येते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत देणे बंधनकारक आहे आणि ती न मिळाल्यास अपील करता येते. पण तोंडी 'सर्व्हर डाऊन' ऐकून घरी परतलेल्या माणसाच्या हाती अपिलासाठी कागद कुठला?

बोले ठराव १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर जावेच लागले. ठरावाने हक्क मिळाला होता, पाणी मिळाले नव्हते. आजची शिष्यवृत्तीही कायद्याने आपलीच आहे. तेव्हा प्रत्येक बुद्धविहारात रविवारी तासभर हे शब्द शिकवण्याचा वर्ग सुरू करावा. वस्तीतील दोन शिकलेली मुले त्यासाठी पुरेशी आहेत.

जयभीम!