परसातले अमृत

वैशाख सरत आला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातील परसांत आणि डोंगरउतारांवर रातांबे पिकून लाल होतात. ते उतरवणारे हात मिळेपर्यंत मृगाच्या सरी दाराशी येतात आणि पावसात सापडलेले फळ झाडाखालीच कुजते. ज्याच्या सालीचे आमसूल, रसाचे आगळ आणि बियांचे तेल होते, त्या फळाची ही नासाडी वर्षानुवर्षे चालली आहे. नेमक्या त्याच दिवसांत शहरांतील दुकानांतून वायू भरलेली, रंगवलेली पेये प्लास्टिकच्या बाटल्यांतून खोक्यांनी विकली जातात. कोकणातले फळ आणि शहरातली तहान यांची गाठ पडत नाही, हे खरे दुखणे आहे.

बाटलीतील पेयाचे मोल केवळ पैशांत होत नाही, हे देशाने पूर्वीच अनुभवले आहे. ऑगस्ट २००३ मध्ये दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश आढळल्याचे जाहीर केले. कंपन्यांनी ते नाकारले. परंतु संसदेच्या संयुक्त समितीने २००४ मध्ये ते निष्कर्ष ग्राह्य मानले. केरळातील प्लाचिमडा गावी शीतपेयाच्या कारखान्यामुळे विहिरी आटल्या व पाणी बिघडले, अशी तक्रार घेऊन २००२ मध्ये वनवासी महिला धरण्यास बसल्या आणि २००४ मध्ये तेथील उत्पादन थांबले. पेय क्षणात संपते. त्यासाठी उपसलेले भूजल आणि मागे उरलेली बाटली यांचा हिशेब मात्र कुणाला तरी चुकवावाच लागतो.

या हिशेबातून मोकळे होण्याची वाट स्वयंपाकघरातूनच जाते. परसातल्या रातांब्याला बहुधा रासायनिक खत लागत नाही, की फवारणीही लागत नाही. पिकलेली फळे धुऊन, पुसून, चिरून बिया काढाव्यात; सालीच्या वाट्यांत साखर भरून त्या काचेच्या वा चिनी मातीच्या बरणीत थरांनी रचाव्यात; तोंडाला दादरा बांधून बरणी आठवडाभर उन्हात ठेवावी आणि रोज कोरड्या डावाने हलवावी. साखर विरघळून गडद लाल पाक सुटतो. त्यास ना रंग लागतो, ना गॅस. माठातले पाणी, चिमूटभर सैंधव आणि जिरेपूड मिसळली की सरबत सिद्ध होते. अर्थात, या पाकात साखर भरपूर असते, हे विसरून चालणार नाही. मधुमेही व्यक्ती असलेल्या घरात आमसुले भिजवून, कुस्करून केलेले मीठ-जिऱ्याचे सार किंवा नारळाच्या दुधातील सोलकढी अधिक हितकर.

आज मात्र 'सेंद्रिय' आणि 'घरगुती' हे शब्दही बाजाराने उचलले आहेत. चिठ्ठीवर रातांब्याचे चित्र, आत कृत्रिम रंग आणि बाहेर पुन्हा तीच प्लास्टिकची बाटली, अशा मालाने हेतू साधत नाही. ग्राहकाने घटकांची यादी वाचावी. ज्याला घरी करणे जमत नाही त्याने कोकणातील महिला बचत गटांकडून आमसूल वा आगळ घ्यावे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातिस' ही वाणे दिली, तेथील कोकमाला भौगोलिक मानांकनही लाभले. परंतु वाण आणि मानांकन झाडावर चढून फळे उतरवीत नाहीत. मजुरी परवडेल असा भाव आणि पावसाआधी नोंदवलेली मागणीच ती उतरवते.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि कैरीचे पन्हे देण्याची चाल घराघरांत होती. ऋतूने दिलेले फळ घरी सिद्ध करून अतिथीस देणे, एवढा साधा विचार त्यामागे होता. तोच विचार पुढे नेऊन प्रत्येक कुटुंबाने चैत्रातच आपल्या गावाकडे वा परिचित बागायतदाराकडे एका बरणीपुरते रातांबे सांगून ठेवावेत. लग्नकार्यात, सभा-संमेलनांत पाहुण्यांच्या हाती बाटलीऐवजी धातूच्या पेल्यातून कोकम सरबत द्यावे. अशा हजार बरण्यांची मागणी वेळेवर पोहोचली, तर यंदा मृगापूर्वी काही झाडे तरी रिती होतील आणि तो पैसा कोकणच्या घरात राहील.