तेंदूच्या हंगामात मोजलेली बेरोजगारी

बेरोजगारी दर काढताना भागाकाराच्या खाली सगळी लोकसंख्या नसते, फक्त श्रमबल असते: काम करणारे, अधिक काम शोधणारे किंवा मिळाल्यास करायला तयार असलेले. 15 वर्षे व त्यावरील लोकसंख्येत या श्रमबलाचे शेकडा प्रमाण म्हणजे श्रमबल सहभाग दर. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील एखाद्या गावात अशी 100 माणसे आहेत असे धरू. 50 कामावर, 4 कामाच्या शोधात. सहभाग दर 54 टक्के, बेरोजगारी दर 4 भागिले 54, म्हणजे 7.4 टक्के. चौघांपैकी दोघांनी हताश होऊन शोधही सोडला आणि कामाची तयारीही सोडली की तोच दर 2 भागिले 52, म्हणजे 3.8 टक्क्यांवर उतरतो. काम मात्र एकालाही मिळालेले नसते. त्यामुळे सहभाग दर वगळून बेरोजगारी दर छापणे वाचकाची दिशाभूल आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीत खरी अडचण काळाच्या मोजमापाची. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या श्रमबल सर्वेक्षणात वर्षाच्या हिशेबाने 30 दिवसांचे दुय्यम कामही माणसाला रोजगारप्राप्त ठरवते. मार्च-एप्रिलात मोहफुले, मग तेंदूपत्ता, पावसाळ्यात रोवणी. एवढ्यात 30 दिवस सहज भरतात. उरलेले वर्ष काम शोधत घालवलेला तरुणही मग बेरोजगारांत दिसत नाही. आठवड्याच्या हिशेबात तर सात दिवसांत एक तास काम पुरते. तरीही 2023-24 मध्ये देशाचा दर पहिल्या पद्धतीने 3.2, तर दुसऱ्या पद्धतीने 4.9 टक्के निघाला; कारण बिनकामाचा आठवडा दुसऱ्या पद्धतीत लपत नाही.

बायकांच्या बाबतीत अन्याय अधिक आहे. घरकाम सांभाळून घरासाठी सरपण, रानभाज्या, कंदमुळे आणणाऱ्या बाईला सर्वेक्षणात संकेतांक 93 मिळतो आणि ती श्रमबलाबाहेर जाते. तिने तेंदूचे पुडे फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, विकले तर ते काम. त्याच जंगलातून चुलीसाठी मोळी आणली तर नाही. वाघाचा धोका दोन्ही वेळी सारखाच असतो.

जानेवारी 2025 पासून सर्वेक्षणाच्या नमुन्यात जिल्हा हा मूळ घटक झाला आहे. त्यामुळे चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांचे आकडे देताना दोन्ही पद्धतींचे दर, हंगामनिहाय फरक आणि संकेतांक 93 मधील स्त्रियांचे प्रमाण एकाच तक्त्यात द्यायला हवे. वर्तमानपत्रांनीही तो तक्ता पूर्ण छापावा.