जंगलाची कामाची वेळ

म्हैसूरहून मोटारसायकलवर उटीला निघालो, आणि बंदीपूरच्या जंगलनाक्यावर पोचलो रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी. फाटक बंद! 2009 पासून तिथं रात्री 9 ते सकाळी 6 वाहतुकीला मनाई आहे. मागं बसलेले आमचे कॅशियरसाहेब कडाडले, "पाच मिनिटांसाठी अडवता? माणुसकी म्हणून काही आहे की नाही?"

आता गंमत पाहा! हेच गृहस्थ वेळ संपून अर्धं मिनिट झालं, की पेन्शनवाल्या आजोबांनाही "उद्या या" म्हणून खिडकी लावतात. मग जंगलानं खिडकी लावली तर बिघडलं कुठं? दिवसाचे पंधरा तास रस्ता आपला. नऊ तास तरी हत्तीहरणांना नकोत? दिव्याच्या झोतानं दिपलेलं हरीण जागीच थिजतं. त्याला कुठली आलीय "उद्या या"ची सवलत? ज्याला घाई असेल त्यानं घरून लवकर निघावं!

गुंडलुपेटला मुक्काम केला. सकाळी मुदुमलईत हत्तींचा कळप रस्ता ओलांडत होता. पुढं कल्हट्टी घाटाची 36 वळणं बाकी होती, तरी कॅशियरसाहेब कुजबुजले, "होऊ द्या हो त्यांचं सावकाश."

बँकेतला पट्टेवाला चहाला गेला तर आपण तासभर थांबतो. जंगलातल्या पट्टेवाल्यासाठी एक रात्र थांबलो, तर कुठं व्याज बुडतं?